मदत हवी आहे : ऑइल न घालताही गेजवरची पातळी वाढते आहे

सर्व जाणकारांना नमस्कार.

माझ्याकडे १२५ सीसीची, एक सिलिंडरची, हवेवर थंड होणारी, कार्ब्युरेटर असलेली २००८ सालची मोटारसायकल आहे. ती वडिलांनी घेतली आणि पंधरा वर्षे सांभाळली. गेल्या वर्षापासून ती मी वापरतो आहे आणि माझ्या अज्ञानामुळे तिच्या इंजिनाला इजा होऊ नये, अशी मनापासून इच्छा आहे. म्हणून प्रश्न थोडा सविस्तर मांडतो.

पहिल्यांदा मी ऑइल तपासले तेव्हा प्रत्येक वेळी वेगळेच माप आले. आमचे घर चिपळूणजवळ आहे आणि पावसाचे पाणी साचू नये म्हणून अंगणाला चांगलाच उतार दिलेला आहे. गाडी तिथेच साइड स्टँडवर असताना गेज काढून पाहिला, तर ऑइल खालच्या खुणेलाही टेकत नव्हते. घाबरून मी ऑइलची बाटली आणायला निघणार होतो, पण शेजारच्या काकांनी थांबवले आणि गाडी ओटीसमोरच्या सपाट फरशीवर डबल स्टँडला लावून पुन्हा पाहायला सांगितले. तेव्हा तेच ऑइल दोन्ही खुणांच्या मधोमध आले. गेज उजव्या बाजूला आहे आणि साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, त्यामुळे ऑइल गेजपासून दूर सरकते, एवढे मला तेव्हा समजले.

दुसरा घोळ गेज आवळण्याचा होता. मी तो पुसून, आट्यांमध्ये पूर्ण फिरवून बसवत असे आणि मग काढून पाहत असे. गाडीच्या पुस्तिकेत मात्र गेज न आवळता, फक्त भोकावर टेकवून माप घ्यावे असे स्पष्ट लिहिलेले सापडले. आवळल्यावर पट्टी अधिक खोल बुडते आणि पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते, म्हणजे ऑइल कमी असूनही पुरेसे आहे असा समज होऊ शकतो.

हे दोन्ही सुधारून ६ जूनला मी ऑइल बदलून घेतले. पुस्तिकेनुसार ऑइल बदलताना ९०० मिली आणि इंजिन पूर्ण खोलल्यावर १.१ लीटर लागते, म्हणून माझ्यासमोर ९०० मिलीची एक बाटलीच ओतायला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर, डबल स्टँडला, गेज न आवळता ऑइल वरच्या खुणेच्या किंचित खाली होते. तेव्हापासून दर रविवारी सकाळी त्याच फरशीवर, त्याच पद्धतीने मी माप घेऊन वहीत लिहितो. जूनच्या अखेरीस ऑइल बरोबर वरच्या खुणेवर आले होते. काल, म्हणजे २० जुलैला, ते वरच्या खुणेच्या वर ५ मिमी होते. मधल्या काळात मी एक थेंबही घातलेला नाही.

ऑइल कमी होण्याची कारणे मला ऐकून माहीत आहेत; वाढण्याचे कारण कोणीच सांगितलेले नाही. गॅरेजमध्ये विचारले तेव्हा, तुमची बघण्यात चूक होत असेल, असे उत्तर मिळाले. गाडी रोज शाळेपर्यंत तीन किलोमीटर जाते आणि तेवढीच परत येते. पावसाचे पाणी इंजिनात जात असेल का? अशा स्थितीत गाडी चालवणे योग्य आहे का, आणि नेमके काय तपासावे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपण वही ठेवली आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. सकाळच्या थंड मापाची संध्याकाळच्या गरम मापाशी तुलना केली असती, तर मी आधी तिथेच शंका घेतली असती. इंजिन नुकतेच बंद केलेले असताना बरेच ऑइल हेडमध्ये आणि क्लचच्या बाजूला चिकटून असते, ते खाली उतरायला वेळ लागतो, आणि म्हणून बहुतेक पुस्तिकांत इंजिन तीन ते पाच मिनिटे चालवून, बंद करून, दोन-तीन मिनिटे थांबून मग माप घ्यायला सांगतात. आपण मात्र दर वेळी एकाच स्थितीत माप घेतले आहे, तेव्हा ही वाढ खरी मानायला हवी.

पाणी असेल तर ऑइल दूध घातलेल्या चहासारखे पांढुरके होते आणि झाकणाच्या आतल्या बाजूला साय धरल्यासारखा थर दिसतो. तसे नसेल, तर गेजचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला, तर दोष कार्ब्युरेटरमध्ये आहे. फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी कुपी, भरला की त्यातला फ्लोट वर येतो आणि निडल पेट्रोलची वाट बंद करते. निडलचे टोक झिजले किंवा तिच्या बैठकीत कचरा अडकला, तर पेट्रोल येतच राहते. ते ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडले तर निदान जमिनीवर दिसते, पण ती नळी तुंबलेली असेल तर पेट्रोल इनलेटमधून सिलिंडरमध्ये शिरते आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खाली ऑइलमध्ये उतरते. रात्रभर पेट्रोल कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) चालू ठेवला की हे गुपचूप घडत राहते. रोजच्या तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरेसे तापतही नाही, नाहीतर त्यातले काही पेट्रोल उडून गेले असते.

हा दोष दुरुस्त करून ऑइल बदलेपर्यंत कृपया गाडी चालू करू नका. पेट्रोलने पातळ झालेले ऑइल बेअरिंग आणि कॅम यांच्यावर टिकत नाही, आणि पातळी खुणेच्या वर गेल्यामुळे ऑइलचा फेस होऊन ते ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये जाऊ शकते. पाणी ओळखण्यासाठी ऑइलचा थेंब तापलेल्या तव्यावर टाकायचा उपाय कोणी सांगेल. पेट्रोलची शंका असताना तो अजिबात करू नये.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. एक भर घालतो : दुरुस्तीनंतर नवीन ऑइल घेताना डब्यावर पुस्तिकेतली ग्रेड आणि जासो एमए किंवा एमए२ (मोटारसायकलच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेले आहे ना, हे पाहा. या गाड्यांची क्लच प्लेट त्याच ऑइलमध्ये भिजलेली असते, आणि घर्षण कमी करणारी द्रव्ये असलेले कारचे ऑइल घातले तर क्लच घसरू लागतो.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गेजला पेट्रोलचा वास स्पष्ट येत होता आणि पट्टीवरून ऑइल पाण्यासारखे ओघळत होते. पांढुरकेपणा मुळीच नव्हता. कार्ब्युरेटर खोलल्यावर निडलच्या रबरी टोकावर गोल चर पडलेला दिसला आणि ओव्हरफ्लोच्या नळीत कुंभारणीने मातीचे घर केलेले निघाले. निडल बदलली, नळी साफ केली. ड्रेन बोल्टमधून निघालेले ऑइल मापाच्या भांड्यात धरले तेव्हा ते १ लीटरपेक्षा जास्त भरले, आणि घातले होते फक्त ९०० मिली.

वडिलांच्या वेळी असे कधी का झाले नाही, हा प्रश्न मला पडला होता. आईला विचारले तेव्हा तिने सांगितले की, ते रोज रात्री गाडी लावल्यावर वाकून कॉक बंद करत आणि सकाळी निघताना उघडत. मला ही सवय कोणी सांगितली नव्हती आणि मीही विचारले नव्हते. आता मी तसेच करतो.

नवीन ऑइल पुन्हा ९०० मिलीच घातले. तीन रविवार झाले, ऑइल वरच्या खुणेच्या किंचित खाली, त्याच जागी आहे. इंजिनाच्या आवाजात मला फरक जाणवत नाही, तरीही सुमारे दीड महिना पातळ ऑइलवर गाडी चालली आहे. हे नवे ऑइल नेहमीपेक्षा लवकर, म्हणजे ५०० किलोमीटरनंतर, एकदा बदलून टाकावे का, एवढेच कृपया सांगावे.

प्रतिसाद १ कडून

होय, बदला. काढलेले ऑइल स्वच्छ पांढऱ्या भांड्यात धरा आणि उजेडात हलवून पाहा; त्यात धातूची चमकणारी कणी दिसली नाही, तर पुढची मुदत पुस्तिकेत दिलेलीच ठेवा.