अनुभव धागा: प्लेस्टेशन-१ चे खेळ घरच्या कॉम्प्युटरवर

ठाणे-नवी मुंबईतल्या कितीतरी घरांत माळ्यावर जुनं प्लेस्टेशन आणि सीड्यांचा डबा पडून आहे. सीड्या वाचल्या जातायत तोवरच खेळ उतरवून घ्यायला हवेत. रेट्रोआर्च (कॉम्प्युटरवर जुने खेळ चालवणारा प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर) बसवलेल्यांनी नेमकं लिहा: कुठे अडलं, का, आणि कसं सुटलं. डाउनलोडच्या लिंका नकोत.

ऐरोलीकर
खेळ उघडल्यावर नुसता काळा पडदा दिसला की आधी बायोस (प्लेस्टेशन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची फाइल) बघा. फाइल रेट्रोआर्चच्या 'सिस्टम' फोल्डरमध्येच हवी, आतल्या उपफोल्डरमध्ये नाही. आकार नेमका ५,२४,२८८ बाइट. नावातला आकडा ५५०० असेल तर जपानी, ५५०१ अमेरिकन, ५५०२ युरोपियन. बीटल या कोअरला (कोअर म्हणजे रेट्रोआर्चमधला खेळ प्रत्यक्ष चालवणारा भाग) खेळाच्या प्रदेशाचाच बायोस लागतो. लिनक्सवर नावातली सगळी अक्षरं स्मॉल ठेवा, नाहीतर फाइल समोर असून सापडत नाही.

घोडबंदर रोड
सीडीची प्रत काढताना आयएसओ फाइल करू नका! बऱ्याच खेळांचं संगीत वेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर असतं, ते आयएसओत येतच नाही. खेळ चालतो, पण मुका. बिन (सीडीवरचा डेटा) आणि क्यू (ट्रॅकची यादी) अशी फाइलांची जोडी काढा. बिनचं नाव बदललंत तर क्यू फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहिल्या ओळीतलं नावही बदला. नंतर सीएचडीमॅन या प्रोग्रामच्या 'क्रिएटसीडी' कमांडने दोन्हींची एकच आटोपशीर सीएचडी फाइल होते, जागाही वाचते. दोन-तीन सीड्यांचा खेळ असेल तर सगळ्या सीएचडींची नावं ओळीने लिहून एम३यू फाइल करा आणि तीच उघडा, म्हणजे सगळ्या सीड्यांना मेमरी कार्ड एकच राहतं.

खाडीकडच्या दमट हवेत सीडीवर बुरशीचे ठिपके येतात. साधं पाणी, थेंबभर भांड्यांचा साबण, मऊ सुती कापड. पुसायचं मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल फिरवून पुसलं तर ट्रॅकच्या दिशेने ओरखडा पडतो आणि तो जास्त नडतो. तरीही वाचताना चुका आल्या तर ड्राइव्हचा वेग ८एक्सवर आणा.

कोपरखैरणे
प्रोसेसर जुना कोअर टू ड्युओ आहे. बीटलवर आवाज तुटतो. काय करावं?

ऐरोलीकर
@कोपरखैरणे, पीसीएसएक्स रीआर्म्ड कोअर घ्या, हलका आहे. रिझोल्यूशन मूळचंच राहू द्या. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा, बॅटरीवर प्रोसेसर मंदावतो.

वाशी सेक्टर १७
बटण दाबल्यावर उडी उशिरा बसते, त्यात बहुतेकदा एम्युलेटरचा दोष नसतो. टीव्ही जोडला असेल तर आधी गेम मोड लावा. ब्लूटूथ हेडफोनवर आवाज उशिरा येतो, तो काढून वायरचा लावा. मग ऑडिओ लेटन्सी (आवाजाला होणारा उशीर) ६४ मिलिसेकंदांवरून थोडी थोडी खाली आणा. आवाज फुटू लागला की एक पायरी मागे. युरोपियन खेळ ५० हर्ट्झचे असतात, ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर सरकताना धक्के देतात. मॉनिटर ५० वर जात असेल तर न्या.

खारघर
एक सेटिंग आवर्जून लावाच: 'सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटरव्हल' १० सेकंद. ते बंद असेल तर खेळातलं सेव्ह खेळ किंवा रेट्रोआर्च नीट बंद केल्यावरच डिस्कवर उतरतं. मध्येच वीज गेली की गेलं. सेव्ह स्टेटवर (एम्युलेटरने घेतलेली त्या क्षणाची जशीच्या तशी नोंद) विसंबू नका, कोअर अपडेट झाल्यावर जुनी स्टेट कधीकधी उघडत नाही. अपडेटआधी खेळातल्याच मेमरी कार्डवर सेव्ह करा आणि 'सेव्ह्ज' फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या.