जुन्या एमजीबीचं इनटेक मॅनिफोल्ड: मूळचं वाचवायचं, अॅम्बॅसेडरचं बसवायचं की नवं बनवायचं?

तापीकाठ (भुसावळ)

रामराम मंडळी. भावाच्या १९६७ च्या एमजीबीवरून (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आमच्या घरात आणि मित्रांत वाद पेटलाय, तो इथे मांडतो. गाडीच्या इनटेक मॅनिफोल्डचा (कार्बोरेटरमधलं हवा-पेट्रोलचं मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळीचा) मागच्या बाजूचा कान, म्हणजे आवळायची जागा, तडकलाय आणि इंजिनाच्या हेडला बसणारा फेस, म्हणजे सपाट बाजू, वाकलाय. मधलं गॅस्केट नवं टाकलं तरी इंजिन फटीतून हवा ओढतं. गाडी स्लो धरत नाही, आणि इंजिन थंड असताना अॅक्सिलरेटर दिला की कार्बोरेटरमधून उलटी फटफट होते. जॉइंटवर कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारला की इंजिनाचा आवाज लगेच बदलतो, त्यामुळे दोष कुठे आहे यात शंका नाही.

गॅरेजवाला म्हणतो अॅम्बॅसेडरचं टाका. पुण्याचा मित्र म्हणतो सगळं काढून वेबर (इटालियन कार्बोरेटर) लावा. माझं मत स्पष्ट आहे: दोन एसयू कार्बोरेटरांचं मूळ मॅनिफोल्डच राहिलं पाहिजे. ते दुरुस्त करा, नाही झालं तर इंग्लंडहून वापरलेलं मागवा. एमजीबी १९६२ ते १९८० एवढा काळ बनत होती, पाच लाखांच्या वर गाड्या निघाल्या. तिचे भाग आजही मिळतात, दुर्मीळ गाडीसारखी अडचण नाही.

आणि हे निव्वळ जुन्याचं प्रेम नाही. या इंजिनाच्या हेडला चार सिलिंडरांसाठी इनटेकची दोनच तोंडं आहेत. १ आणि २ ला मिळून एक, ३ आणि ४ ला मिळून दुसरं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. म्हणजे २ नंबरने ओढून घेतलं की लगेच १ नंबर त्याच तोंडातून ओढतो, आणि मग त्या तोंडाला बराच वेळ काम नाही. जोडीतल्या एकाला मिश्रण जास्त, एकाला कमी, ही खोड हेडच्या घडणीतच आहे. प्रत्येक तोंडाला एक एसयू आणि दोघांना जोडणारा बॅलन्स पाइप, ही रचना त्या खोडीला सांभाळून घेण्यासाठी केलेली आहे. ती मोडून काहीही बसवलं तर गाडी चालेल, पण ती एमजीबीसारखी चालणार नाही.

लळिंग घाट (धुळे)

दादा, तुमचा अभ्यास चांगला आहे, पण गाडी वर्षभर स्टँडवर ठेवून अभ्यास काय कामाचा? अॅम्बॅसेडरचं जुनं १४८९ सीसी इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसी, दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी सिरीजचीच. आपल्या भागात एके काळी टॅक्सी म्हणजे अॅम्बॅसेडर. धुळ्यापासून मालेगावपर्यंत भंगारात अजून माल सापडतो, आणि एका कार्बोरेटरचं सेटिंग गावातला कुठलाही जुना मेकॅनिक डोळे मिटून करतो. दोन एसयू एका सुरात आणणारी माणसं आता किती उरलीत? रबरी नळी कानाला लावून दोन्ही तोंडांचा आवाज सारखा करणारे उस्ताद होते, त्यांची मुलं आज स्कॅनर लावतात.

गाडी रस्त्यावर राहिली तरच ती जगते. बसवा अॅम्बॅसेडरचं, फिरवा चार वर्षं, मूळचं मॅनिफोल्ड गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा.

तापीकाठ (भुसावळ)

घराणं एक आहे म्हणून भाग जसाच्या तसा बसतो असं नाही. छोट्या इंजिनाच्या हेडची तोंडं लहान असतात. एमजीबीचं गॅस्केट त्या मॅनिफोल्डवर ठेवून बघितलं तर कडा आत आलेली दिसेल, तिथेच हवेचा प्रवाह अडतो. ती कडा घासून मोठी केली तरी पुढे वाट अरुंदच. एमजीबी ९५ अश्वशक्तीची, जुनी अॅम्बॅसेडर साधारण ५० ची. त्या ५० च्या हिशोबाने ओतलेल्या नळीतून ९५ चा घास कसा जाईल? चार हजार आरपीएमच्या पुढे गाडी मरगळणार. मग स्पोर्ट्स कार घेतली कशाला?

अजिंठा चौफुली (जळगाव)

दोघांशीही असहमत. घास मोठा हवा म्हणता ना, मग वेबर ४५ डीसीओई. एकच कार्बोरेटर, त्याला दोन बॅरल, हेडला दोन तोंडं. प्रत्येक तोंडाला एक सरळ, लांब नळी. रेसिंगवाले एमजीबीला हेच लावत आले आहेत. मॅनिफोल्ड बाहेरून मागवायचीही गरज नाही. १२ एमएमच्या पट्टीतून फ्लँज (हेडला आवळायची सपाट कड) लेझरने कापून घ्या, नळ्यांचे तुकडे जोडा. आपल्या एमआयडीसीत पाइप आणि फॅब्रिकेशनचं काम करणारे हात कमी नाहीत. फक्त वेल्डिंग झाल्यावर फेस मिलिंगवर मारायचा, आधी नाही, कारण उष्णतेने फ्लँज ओढली जाते.

साठ वर्षांपूर्वीच्या इंजिनिअरने खर्चाचा हिशोब करून जे दिलं, तेच अंतिम कसं काय? स्पोर्ट्स कार सुधारत नेणं ही तिची खरी परंपरा आहे.

ओतकाम आप्पा (अमळनेर)

ऐका ना भो. तुम्ही तिन्ही बाजूंनी भांडताय, पण तडकलेल्या कानाकडं कोणी बघेना. मूळचं मॅनिफोल्ड अॅल्युमिनियमचं आहे. ओतकामात माझं आयुष्य गेलं, म्हणून सांगतो: हे आर्गन वेल्डिंगचं काम आहे आणि ते इथं होतं. पण साठ वर्षांचं तेल-पेट्रोल प्यायलेली ती धातू. नुसती वरून पुसून वेल्डिंग केली तर टाक्याला बुडबुडे येतात, सच्छिद्र होतो, सहा महिन्यांत पुन्हा हवा ओढतो. आधी कॉस्टिकने नाही, चांगल्या सॉल्व्हंटने धुवा. मग भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक मारा म्हणजे ती पुढं पळणार नाही. भेग व्ही आकारात पूर्ण खोदून काढा. अख्खा तुकडा सावकाश गरम करा, मग टाका. थंडही सावकाश होऊ द्या, पंख्याखाली नाही. भेग कुठंवर गेली ते दिसत नसेल तर लाल डाय (भेगेत शिरणारा रंग) लावून बघा, डोळ्यांवर भरवसा नको.

आणि फेस मारताना निव्वळ इनटेक मारू नका. या हेडला इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, मधले क्लॅम्प दोघांना मिळून दाबतात. इनटेकची फ्लँज घासून पातळ झाली की क्लॅम्प एक्झॉस्टवरच टेकतो आणि इनटेक सैल राहतो. दोघांची जाडी सारखी लागते. तुमच्या गाडीचं मूळ दुखणं हेच असायची शक्यता मला जास्त वाटते. आधी कोणीतरी एकच बाजू घासली असणार, मग नट पिळून पिळून कान तोडला.

वेबरवाल्या पोरा, तुमनं म्हननं खोटं नही शे. पण तो कार्बोरेटर जेट, चोक, इमल्शन ट्यूब असे आतले सगळे भाग जमवून मागतो. तो जमवायला डायनो, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणारं यंत्र, पाहिजे. एसयूमध्ये एक सुई असते, हवेच्या ओढीप्रमाणे पिस्टन वर जातो आणि वाट आपोआप मोठी होते.

रावेर लाइन (सावदा)

कागदपत्रांचंही बोला. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आहे, नंबरात 'व्हीए' येतं, २०,००० रुपये फी, १० वर्षांची मुदत. त्यात अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. भावाला उद्या ती नोंदणी हवी असेल तर बॉनेट उघडल्यावर वेबर दिसणं बरं नाही. मी तापीकाठ यांच्या बाजूने.

अजिंठा चौफुली (जळगाव)

मॅनिफोल्ड नटांवर बसतं, एका दुपारी उतरतं. त्याला इंजिनातला मोठा फेरफार म्हणणं ताणलेलं आहे. आणि तीच नोंदणी घेतली तर गाडी रोज चालवताही येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढंच. भावाला गाडी चालवायची आहे की दाखवायची, हे आधी ठरवा. आप्पांची जाडीची गोष्ट मात्र मला माहीत नव्हती, ती सोळा आणे खरी वाटते.

लळिंग घाट (धुळे)

आणि उन्हाळ्याचं काय? एसयू बरोबर एक्झॉस्टच्या डोक्यावर बसलेत. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. फाटकावर दहा मिनिटं गाडी उभी राहिली की कार्बोरेटरच्या बाऊलमधलं पेट्रोल उकळणार आणि पुन्हा सुरू होणार नाही.

तापीकाठ (भुसावळ)

अॅम्बॅसेडरचं मॅनिफोल्डही त्याच बाजूला, त्याच एक्झॉस्टवर बसणार. तेव्हा उष्णता हे मूळ रचना सोडण्याचं कारण होत नाही. मूळच्या गाडीत कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमध्ये जाड स्पेसर आणि पत्र्याची हीट शील्ड असते. आमच्या गाडीतली शील्ड कोणीतरी कधीच काढून टाकलीये, ती बनवून घेतो. स्पेसर हायलमचे (उष्णता अडवणाऱ्या कडक शीटचे) कापून घेणार, अॅल्युमिनियमचे अजिबात नाही, ते उष्णता सरळ वर पोचवतात.

दुसरं, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याला हवेच्या मानाने इंधन थोडं जास्त लागतं. कुठलंही मॅनिफोल्ड बसवलं तरी हा प्रश्न आहेच, पण एसयूला सुई बदलून तो सुटतो. बाऊलचे रबरी भाग आणि पेट्रोलच्या नळ्याही इथेनॉल सोसणाऱ्या लागतील. वेबरला सगळे जेट नव्याने शोधा, आणि डायनो आपल्या खानदेशच्या तिन्ही जिल्ह्यांत कुठे आहे ते सांगा.

आप्पा, आज संध्याकाळी दोन्ही फ्लँजची जाडी व्हर्निअरने मोजून इथे टाकतो. फरक निघाला तर इनटेक-एक्झॉस्ट एकत्र बांधूनच फेस मारायचा ना?

ओतकाम आप्पा (अमळनेर)

हो, पण आधी वेल्डिंग, मग एकत्र फेस. एक्झॉस्टची फ्लँज जास्त जाड निघाली तर एकत्र फेस मारायच्या आधी तीच कमी करा, जाडी जुळवायला इनटेकला हात लावू नका. आणि माप मधल्या क्लॅम्पपाशी घ्या, टोकाला नाही.