विजयाबाई मेहतांचं काम पाहिलंय का? लिहा ना : अनुभव धागा

काल 'झिम्मा', अभिनेत्री-दिग्दर्शिका विजयाबाईंचं आत्मचरित्र, परत वाचायला घेतलं आणि राहवलं नाही म्हणून धागा काढतेय. बाईंचा अभिनय असो की त्यांनी बसवलेलं नाटक, नुसतं 'अप्रतिम' लिहून जाऊ नका, काय पाहिलं ते सांगा. माझ्यापासून सुरुवात करते. 'बॅरिस्टर' नाटक आईबरोबर पाहिलं तेव्हा मी शाळेत होते. विक्रम गोखल्यांचा बॅरिस्टर सगळ्यांच्याच लक्षात राहतो, राहणारच, पण मला घरी येताना डोळ्यांसमोर दिसत होती ती मावशी. आलवणातली, म्हणजे विधवेच्या तांबड्या लुगड्यातली. माझी पणजी अशीच होती, कुणाच्या वाटेत येऊ नये म्हणून भिंतीच्या कडेने चालायची. नाटक बसवलं बाईंनीच, आणि स्वतःकडे ठेवली ही कडेची भूमिका!

---

मी 'संध्याछाया' पाहिलंय. माधव वाटव्यांचे नाना आणि बाईंची नानी. बाई तेव्हा जेमतेम चाळिशीच्या आसपास असतील हे मला फार नंतर कळलं आणि विश्वासच बसेना, कारण मेकअपपेक्षा म्हातारपण त्यांच्या बसण्या-उठण्यात होतं, वाट बघण्यात होतं. आमचे आजीआजोबा तेव्हा गावी दोघंच राहायचे. नाटकाहून परतताना बाबा एक शब्द बोलले नाहीत आणि पुढच्याच रविवारी त्यांना आणायला गेले.

---

माझा अनुभव जरा वेगळा, कारण मी 'वाडा चिरेबंदी'तली वहिनी केलीय, आमच्या हौशी संस्थेत. रात्री ती घराण्याचे सगळे दागिने अंगावर चढवते तो प्रवेश मला काही केल्या जमेना. मी रडायचे, दिग्दर्शक म्हणायचे अजून रड. शेवटी आमच्यातल्या एका काकांनी, ज्यांनी बाईंचा प्रयोग पाहिला होता, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, अगं ती हरखलीय, रडायचं आपण प्रेक्षकांनी. त्यानंतर मी फक्त एकेक दागिना नीट घालायला लागले, हात आपोआप सावकाश झाले. प्रयोगात पहिल्यांदाच थिएटर इतकं शांत झालं की मलाच भीती वाटली.

---

मी थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. मला पूर्वी बाईंचं दिग्दर्शन जरा जास्तच रेखीव वाटायचं, सगळं कसं जागच्या जागी. मग 'अजब न्याय वर्तुळाचा' पाहिलं. जर्मन नाटककार ब्रेख्तचं नाटक, चि. त्र्यं. खानोलकरांचं मराठी रूप, आणि त्यात आपले लोककलेचे खेळ असे मिसळलेले की मूळ जर्मन आहे हे विसरायला झालं. माझं मत तिथे बदललं. एकाच बाईने हे करायचं, 'पुरुष'ही बसवायचं आणि 'हमीदाबाईची कोठी'त स्वतः हमीदाबाई व्हायचं, ही रेंज मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

---

आमच्या पिढीला प्रयोग मिळाले नाहीत हो. मी 'रावसाहेब' पाहिला, 'बॅरिस्टर'वरचाच सिनेमा, मावशीच्या भूमिकेसाठी बाईंना सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो. दिग्दर्शनही त्यांचंच. वरचं पणजीचं वाचून आत्ता परत लावला आणि या वेळी फक्त मावशी कुठे उभी राहते तेवढंच बघतेय. अजून अर्धा बाकी आहे, उरलेलं उद्या लिहिते.