जबाबदारी दोन्ही घरांची
शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा तुमच्या कुत्रीशी समागम झाला आणि वर "कुत्री तुमची, तुम्हीच सांभाळायला हवी होती" असं त्यांनीच तुम्हाला ऐकवलं, हे वाचून वाईट वाटलं. माजावर आलेली कुत्री दोन-तीन आठवडे जपावी लागते, हे खरंच. पण कुंपण ओलांडून आलेला नर मोकळा कोणी सोडला होता?

आमच्याकडे हे घडलं तेव्हा दोघं पाठीला पाठ लावून अडकले होते आणि शेजारी पाणी मारायला धावले. असं कधीही करू नका. ओढून वेगळं तर मुळीच करू नका, दोघांनाही इजा होते. पाच मिनिटं ते अर्धा तास, आपोआप सुटतात.

आता भांडण बाजूला ठेवून याच आठवड्यात व्हेटकडे जा. पिल्लं नको असतील तर उपाय आहेत, पण उशीर होईल तसे अवघड होतात. खर्च निम्मा मागायला अजिबात संकोचू नका. ठेवायची असतील तर साधारण 63 दिवसांनी कुत्री विते, पुढचे आठ आठवडे पिल्लं आईजवळच हवीत, आणि घरं शोधायचं काम नराच्या मालकाचंही आहे. आमच्या शेजाऱ्यांनी सहापैकी तिघांना घरं मिळवून दिली. रात्री दीडला कुत्री व्यायला लागली तेव्हाही तेच टॉवेल घेऊन आले. चौथं पिल्लू हलतच नव्हतं, त्यांनी चोळून चोळून त्याला श्वास घ्यायला लावला.

नसबंदीचं मात्र दोघांनी आत्ताच बोलून ठेवा, पुढचा माज बहुधा सहा-सात महिन्यांत येतो.