अंध ज्युदो: पूर्ण अंध आणि अंशतः दिसणारे वेगळे खेळवणं योग्य आहे का?

माती ते मॅट:
पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये ५ सप्टेंबर २०२४ ला कपिल परमारनं ६० किलो गटात कांस्य जिंकलं. ज्युदोतलं भारताचं हे पहिलं पॅरालिम्पिक पदक. मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यातला हा मुलगा. लहानपणी शेतात पंपाचा शॉक बसला आणि त्यातून पुढे नजर गेली. त्याची लढत जे-१ गटातली होती, म्हणजे समोरचाही पूर्ण किंवा जवळपास पूर्ण अंध. २०२२ च्या आधी हा गट नव्हताच. वजन सारखं असलं की काहीच न दिसणारा आणि समोरची आकृती दिसणारा एकमेकांसमोर उभे राहायचे. माझ्या मते ही विभागणी हवीच होती, आणि ती फार उशिरा झाली.

सांगलीकर:
अजिबात पटत नाही. या ज्युदोत पंच दोघांना मध्यभागी आणतात, एकमेकांची पकड घेऊ देतात आणि मगच 'हाजिमे' (सुरू करा) म्हणतात. पकड सुटली की 'माते' (थांबा), पुन्हा मध्यभागी, पुन्हा पकड. आपल्या कुस्तीतली खडाखडी, म्हणजे पकड घेण्याआधीची झटापट, इथे नाहीच. नजरेचा मोठा फायदा त्या खडाखडीत असतो आणि तोच नियमानं काढून टाकलाय. पुढचं सगळं हातात धरलेल्या, समोरच्याच्या जॅकेटच्या कापडातून कळतं. ब्राझीलच्या आंतोनियो तेनोरिओनं पूर्ण अंध असून १९९६ ते २००८ सलग चार पॅरालिम्पिक सुवर्णं घेतली, तीही मिश्र गटात. अंधांना बरोबरीनं लढवणारा खेळ होता, तो आपण तोडला.

माती ते मॅट:
तेनोरिओ अफाटच आहे. पण अशा एका माणसावरून बाकीच्यांचे नियम ठरवायचे नसतात. जुन्या मिश्र गटांचे निकाल संशोधकांनी तपासले, तेव्हा पूर्ण अंधांच्या वाट्याला विजय कमी येत असल्याचं दिसलं. का, ते घरी करून बघा: एका पायावर उभं राहा आणि डोळे मिटा. उचिमाता (पाय मागे उचलून समोरच्याला फेकण्याचा डाव) मारताना एक पाय हवेत असतो, शिवाय समोरचा ओढत असतो. थोडं दिसणाऱ्याला समोरच्याची कंबर वळताना दिसते. न दिसणाऱ्याला ते कापडाच्या ताणातून कळेपर्यंत डाव बसलेला असतो.

आणि पूर्ण अंध खेळाडूच्या बाहीवर लाल वर्तुळ आधीपासून असायचं. पंचांनी त्याच्याकडे वेगळं लक्ष द्यावं म्हणूनच ना? हा फरक मॅटवर मान्य होता, मग गट पाडताना का नको?

मेधा:
वजनगटांचं काय झालं, ते कुणीच बोलत नाही. टोकियोत पुरुषांचे ७ आणि महिलांचे ६ वजनगट होते. पॅरिसमध्ये दोघांचे चार-चार, प्रत्येकी दोन दृष्टिगटांत. सुवर्णपदकं १३ ची १६ झाली, पण ५२ आणि ६३ किलोच्या मुली गेल्या कुठे? माझी भाची ५२ ची. पॅरिसच्या गटांप्रमाणे एक तर चार किलो उतरवून ४८ ला यायचं, नाहीतर ५७ वाल्यांशी लढायचं. ज्यांच्याकडे आहारतज्ज्ञ आहे त्यांचं ठीक आहे. आमच्याकडे वजन उतरवणं म्हणजे जेवण आणि पाणी तोडणं. एवढ्याशा पोरीला मी ते करू देणार नाही.

सांगलीकर:
हेच तर. शिवाय पात्रतेचा निकष कडक केल्यामुळे जुन्या बी-३ मधले, म्हणजे सगळ्यात जास्त दिसणाऱ्यांच्या वर्गातले काही जण खेळाबाहेरच गेले. वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या माणसाला 'तुला जरा जास्तच दिसतं' म्हणून घरी पाठवणं मला क्रूर वाटतं.

माती ते मॅट:
मेधाताई, पाणी तोडू देऊ नकाच. पण वजनगट कमी झाल्याचा दोष दृष्टिगटांवर नको. पदकांची संख्या मर्यादित ठेवायची म्हणून वजनगट कापले गेले. भांडायचं ते त्या मर्यादेशी. आशियाई पॅरा स्पर्धेत हांगझोऊला कपिलनं जे-१ मध्ये रौप्य घेतलं आणि ४८ किलोत आपल्याच कोकिलानं जे-२ मध्ये, म्हणजे अंशतः दिसणाऱ्यांच्या गटात, कांस्य. दोन्ही गटांत आपली मुलं उभी राहतायत. जे-१ मोडलं तर पहिला फटका जन्मांध मुलांना बसेल, आणि पहिल्याच फेरीत आपटून घेणारं पोर फार दिवस मॅटवर टिकत नाही.

अण्णा, अंधशाळा:
मी शिकवतो. सरावाला गट पाळत नाही, सगळे सगळ्यांशी. पूर्ण अंध पोरांची पकड जबरदस्त असते, जमिनीवर धरून ठेवण्यात तर ती कुणालाही भारी पडतात. फेकाफेकीत मात्र बिचकतात. स्पर्धा वेगळी हवी, सराव एकत्र हवा.

मेधा:
अण्णा, मग निदान राज्य पातळीवर तरी ५२ आणि ६३ ठेवा, अशी मागणी करूया. पत्र मी लिहिते. सांगलीकर, तुम्ही सही कराल का?

सांगलीकर:
जे-१, जे-२ बद्दलचं माझं मत बदललेलं नाही. वजनगटांच्या पत्रावर करतो.