२८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन : एकच मोठा मांडव, की मोहल्ल्या-मोहल्ल्यात टेबले?

सुदामानगरकर, इंदूर
राष्ट्रीय विज्ञान दिन १९८७ पासून २८ फेब्रुवारीला होतो, कारण १९२८ साली त्याच दिवशी रामन परिणामाचा (पदार्थातून विखुरताना थोड्याशा प्रकाशाचा रंग बदलतो, त्याचा) शोध लागला. तारखेचा मान राखूनही म्हणतो, विज्ञान जत्रा भरवायला ती इंदुरात तरी गैरसोयीची आहे. सीबीएसईची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीच्या मध्याला लागते, एमपी बोर्डाचीही त्याच महिन्यात. दहावी-बारावीची मुले घराबाहेर पडत नाहीत, शाळांचे हॉल परीक्षा केंद्रांत अडकलेले, भोंग्यांवर जिल्हा प्रशासनाची बंदी. उरली सहावी-सातवीची पोरे. त्यांना बसमधून आणायचे, मांडवात कोंबायचे, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, तासभर भाषण, आणि मग सगळ्या टेबलांसमोरून रांग पळवायची.

संध्याकाळच्या आकाशदर्शनाचीही तीच गत. २०२५ ला २८ फेब्रुवारी अमावस्येला लागून आली, चंद्र नाहीच. २०२६ ला पौर्णिमा ३ मार्चला, म्हणजे २८ ला चंद्र जवळजवळ भरलेला, विवरांच्या सावल्या पुसट आणि आजूबाजूचे तारेही त्या उजेडात बुडालेले. चंद्र दाखवायचा तर शुद्ध सप्तमी-अष्टमी गाठावी. ती परिपत्रकात मिळत नाही, पंचांगात मिळते.

माझे म्हणणे एवढेच : महिन्याला एक मोहल्ला, तीन टेबले, दोन तास. आज रामबाग, पुढच्या महिन्यात लोकमान्य नगर.

मांडवीकर, बडोदे
साफ चूक. तारीख असते म्हणून दारे उघडतात. मुख्याध्यापकांना वरून पत्र येते, राज्याच्या विज्ञान परिषदेकडून थोडाफार निधी सुटतो, वर्तमानपत्रात दोन कॉलम मिळतात. तुमच्याच गावात आरआरकॅट, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. तिथल्या इंडस-२ या इलेक्ट्रॉन फिरवणाऱ्या यंत्राचे १७२ मीटरहून जास्त परिघाचे वर्तुळ आणि त्यात फिरणारे अडीच अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन ही काही मोहल्ल्यातल्या टेबलावर मांडायची वस्तू नव्हे. ते केंद्र विज्ञान दिनाच्या निमित्ताने विद्यार्थ्यांना आत घेते. तारीख नसती तर ते निमित्तही नसते.

गणपती घरोघरी बसतच होते. लोकमान्यांनी १८९३ मध्ये त्याला सार्वजनिक रूप दिले तेव्हा कुठे गाव एकत्र आले. सगळ्या देशाने एका दिवशी काहीतरी करणे यात जोर असतो. महिन्याला एक मोहल्ला म्हणजे सहाव्या महिन्यात दोनच कार्यकर्ते उरणार.

सुदामानगरकर, इंदूर
गणपतीचा दाखला तुम्हीच दिलात ते बरे झाले. गणपती दहा दिवस असतो आणि प्रत्येक गल्लीचा आपापला मांडव असतो. अख्ख्या शहराचा एकच गणपती नेहरू स्टेडियमवर बसवा आणि बघा किती जण जातात ते.

आरसा_आणि_भिंग, इंदूर
तारखेचे भांडण चालू द्या. मला त्या टेबलांवर काय असते त्याबद्दल बोलायचे आहे, कारण रामनच्या नावाने दोन गोष्टी सर्रास दाखवतात आणि दोन्ही रामन परिणाम नव्हेत.

पहिली, दुधाचे पाणी. लांबट पारदर्शक डबा, एक लिटर पाणी, दुधाचे पाच ते दहा थेंब, एका टोकाकडून टॉर्च. बाजूने बघितले तर निळसर, समोरच्या टोकाला नारिंगी. प्रयोग सुरेख आहे, पण हे साधे विकिरण, म्हणजे प्रकाशाचे विखुरणे. प्रकाशाचा रंग यात बदलत नाही, फक्त वाटणी होते. यात नेहमी फसते ते दुधाच्या प्रमाणात. चमचाभर ओतले की प्रकाश आतल्या आत अनेकदा उसळतो आणि सगळे पांढरे दिसते. मग मुलांना सांगावे लागते की “निळे दिसतेय ना?”, आणि मुले बिचारी हो म्हणतात.

दुसरी, ऑलिव्ह तेलात हिरवा लेसर. किरण आत जाऊन लालसर-नारिंगी होतो, टाळ्या पडतात, फलकावर “रामन परिणाम”. ती तेलातल्या हरितद्रव्याची प्रतिदीप्ती, म्हणजे एक रंग शोषून दुसरा रंग सोडणे. ओळखायची कसोटी सोपी आहे. हिरव्या, ५३२ नॅनोमीटरच्या लेसरऐवजी ४०५ चा जांभळा लेसर मारा. तेलाची लाल चमक ६७० च्या आसपास जागची हलत नाही. खरा रामन पट्टा लेसरबरोबर सरकतो : आयसोप्रोपिल अल्कोहोलमधल्या कार्बन-हायड्रोजन बंधाचा पट्टा ५३२ ने ६३० च्या आसपास येतो, ४०५ ने ४६० च्या. रामन आणि त्यांचे सहकारी कृष्णन यांनी द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केले ते हीच शंका काढण्यासाठी.

खरा परिणाम दाखवायचा असेल तर पाच मिलीवॅटचा हिरवा लेसर, काचेच्या चौकोनी कुपीत शुद्ध आयसोप्रोपिल, किरणाच्या आडव्या बाजूला ५५० च्या खालचे सगळे अडवणारा नारिंगी फिल्टर, फिल्टरमागे तिपाईवर फोन, एक्स्पोजर वीस-तीस सेकंद. विकिरण पावलेल्या कोटीभर फोटॉनांत एखाद्याचाच रंग बदलतो, त्यामुळे भर मांडवात नुसत्या डोळ्यांनी दिसेल ही आशा सोडा. फिल्टरवर थेट हिरवा डाग पडू देऊ नका. स्वस्तातले फिल्टर स्वतःच चमकतात आणि पुन्हा तीच फसगत. बाजारातल्या स्वस्त हिरव्या पॉइंटरवर पाच मिलीवॅट छापलेले असते, पण कित्येकांतून जास्त शक्ती निघते, शिवाय न दिसणारा अवरक्त प्रकाश गळतो. पॉइंटर चिमट्यात घट्ट बसवा, किरणाच्या शेवटी काळा पुठ्ठा, मुलांच्या हातात द्यायचा नाही. जवळपास काडी ओढायची नाही हेही ओघाने आलेच.

आता सांगा, हे चाळीस टेबलांच्या गोंधळात जमेल, की अंधाऱ्या खोलीत आठ-आठ जणांना घेऊन?

विज्ञानबाई, इंदूर
भिंगदादा, मोहल्ल्यात तुम्हाला अंधारी खोली कोण देणार ते आधी सांगा. गणेश मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोन वाजता?

दुसरे म्हणजे महिन्याला एक मोहल्ला, तोही पंचांग बघून, हे बोलायला गोड आहे. इंदूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून इथे शून्य सावली (सूर्य थेट डोक्यावर, उभ्या काठीची सावली नाहीशी) मिळते, ७ जूनच्या आसपास दुपारी १२ वाजून २५ मिनिटांनी. त्या दिवशी शाळांना सुट्टी. दुसरी संधी जुलैच्या पहिल्या आठवड्यात, तेव्हा ढग. २३ ऑगस्टला अंतराळ दिन, पुन्हा ढगच. निसर्गाच्या तारखा शाळेच्या तारखांशी जुळत नाहीत, त्यामुळे कुठलीतरी एक पक्की तारीख धरावीच लागते.

आणि या प्रांताला एक दिवसाच्या उत्सवाच्या पलीकडचे काही माहीत नाही असे समजू नका. होशंगाबाद विज्ञान हा शाळांतला शिक्षणप्रयोग, तो १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झाला आणि २००२ मध्ये सरकारने बंद करेपर्यंत मुले वर्गातच प्रयोग करून शिकत होती. तो मोहल्ल्यात नव्हता, शाळेत होता, शिक्षकांचे प्रशिक्षण होते, किट होते. महिन्यातून एकदा तीन टेबले हा त्याला पर्याय नाही. मांडवही नाही, हे मान्य.

सुदामानगरकर, इंदूर
ताई, विज्ञान लोकांपर्यंत नेणारा १९८७ चा भारत जनविज्ञान जत्था आठवा. देशाच्या पाच टोकांकडून निघाला, वाटेत गावोगावी थांबला आणि ७ नोव्हेंबरला, रामन यांच्या जन्मदिवशी, भोपाळला पोचला. एकच तारीख होती, पण तिच्या आधी महिनाभर गावे होती. ७ नोव्हेंबरला परीक्षा नाहीत, पाऊस संपलेला, आकाश स्वच्छ.

मांडवीकर, बडोदे
आणि दिवाळी? दर दोन-तीन वर्षांनी सुट्टीत सापडेल.

लष्करकर, ग्वाल्हेर
दोन्ही बाजूंनी तारखेला सोयीची बाब केली आहे. “सगळ्या देशात एकाच दिवशी” याला अर्थ तेव्हाच, जेव्हा तो एकच दिवस प्रयोगालाच लागतो. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला, आमच्याकडे शून्य सावली कधीच होत नाही. पण तुमची आणि आमची सावली एकाच दिवशी मोजली तर पृथ्वीचा परीघ निघतो, आणि तो २८ फेब्रुवारीलाही निघतो.

एक मीटरची सरळ काठी, ओळंबा लावून उभी. इंदूर अक्षांश २२.७, ग्वाल्हेर २६.२. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे ८ अंश दक्षिणेला, म्हणून मध्यान्ही इंदूरची सावली साधारण ५९ सेंटिमीटर, आमची ६८. कोनांतला फरक साडेतीन अंश, उत्तर-दक्षिण अंतर ३९० किलोमीटरच्या आसपास. ३६० ला साडेतीनने भागून अंतराने गुणा, ४० हजाराच्या जवळ येते.

चुका ठरलेल्या आहेत. एक, घड्याळात बारा वाजले की मोजणे. २८ फेब्रुवारीला स्थानिक मध्यान्ह इंदुरात १२:३९ ला, ग्वाल्हेरात १२:३० ला, बडोद्यात १२:५० ला. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी खूण करत जा, सर्वांत आखूड सावली घ्या. दोन, रस्त्याचे अंतर घेणे. इंदूर-ग्वाल्हेर रस्ता पाचशेच्या आसपास, तो घातला की पृथ्वी ५१ हजार किलोमीटरची होते. नकाशावर फक्त अक्षांशांतले अंतर मोजायचे. तीन, सावलीचे टोक. सूर्य अर्ध्या अंशाचा असल्याने टोक सेंटिमीटरभर धूसर पडते आणि प्रत्येक मूल आपल्या मनाने रेघ मारते. काठीच्या डोक्यावर तीन मिलीमीटर भोकाचा पुठ्ठा लावा, खाली उजेडाचा ठिपका पडेल, त्याच्या मध्यावर खूण.

पाच मिलीमीटरची चूक झाली तरी कोनात पंचमांश अंशच चुकतो, म्हणजे उत्तरात सहाएक टक्के. सातवीच्या मुलांना चालण्यासारखे आहे. मांडव लागत नाही, भोंगा लागत नाही, पाहुणे तर मुळीच नाहीत.

मांडवीकर, बडोदे
बडोद्याची जोडी इंदूरशी लावू का? शहरे ओळखीची, फोनाफोनी सोपी.

लष्करकर, ग्वाल्हेर
नको. बडोदे २२.३ वर, इंदुरापासून जेमतेम चार दशांश अंश. तेवढा फरक मापाच्या चुकीतच बुडेल. तुम्हीही ग्वाल्हेरशीच जोडा, जवळजवळ चार अंश मिळतात.

विज्ञानबाई, इंदूर
हे पटले. प्रत्येक शाळेच्या अंगणात होईल, सहावी-सातवीची मुले त्या दिवशी मोकळी असतातच, आणि मांडवीकर, तुमची तारीखही शाबूत राहते. आरआरकॅटची भेट आदल्या-नंतरच्या दिवशी ठेवता येईल. पण २८ ला एका गावात ढग आले तर? त्यांनी १ मार्चला मोजलेले चालेल का?

लष्करकर, ग्वाल्हेर
नाही चालणार. या दिवसांत सूर्य रोज सुमारे ०.३८ अंश उत्तरेला सरकतो. साडेतीन अंशांत तेवढी चूक म्हणजे थेट अकरा टक्के. दोन्ही गावांनी २६ पासून १ पर्यंत रोज मोजायचे आणि दोन्हीकडे ऊन असलेला दिवस धरायचा.

आरसा_आणि_भिंग, इंदूर
तीन मिलीमीटरचे भोक मीटरभर उंचीवर ठीक आहे, पण काठी दोन मीटरची घेतलीत तर ठिपका फिका पडतो आणि फरशीवर दिसत नाही. खाली पांढरा ड्रॉइंग पेपर चिकटवा, चारी कोपऱ्यांना टेप. फेब्रुवारीअखेर दुपारी वारा सुटतो.

सुदामानगरकर, इंदूर
अंगणातल्या काठ्यांना माझी हरकत नाही. शाल-श्रीफळाला अजूनही आहे.