डीएम स्क्रीन घ्यायची आहे, कुठली घेऊ?

खेळगडी:
दर रविवारी आमच्याकडे डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ; 2014चे नियम) चालतं, डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मीच. माझे कागद-फासे झाकायला पुढ्यात उभी करायची ती स्क्रीन उभ्या पानांची घेऊ की आडव्या? आतल्या बाजूला नेमकं काय हवं?

वीसपैलू:
आडवीच घे. उभी मांडली की समोरचे दिसत नाहीत, नकाशावर सोंगटी सरकवायला दर वेळी उठावं लागतं. आतल्या मजकुराचं म्हणशील तर शस्त्रांच्या किमती कोण बघतं? सारखे लागतात ते कंडिशन्स, म्हणजे पात्राच्या अवस्थांचे नियम. प्रोन झालेल्यावर (आडवा पडलेल्यावर) पाच फुटांच्या आतून हल्ला केला तर ॲडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा धरायचा), लांबून डिसॲडव्हान्टेज (लहान धरायचा). ऐन लढाईत हमखास इथेच अडतं. अर्ध्या आडोशाला एसी (हल्ला लागायला गाठायचा आकडा) +2, पाऊण आडोशाला +5. कॉन्सन्ट्रेशनला (मार खाऊनही चालू मंत्र टिकवायला) डीसी, म्हणजे फाशावर गाठायचा आकडा, 10 किंवा डॅमेजच्या निम्मा, मोठा असेल तो. उरलेली जागा नावांच्या यादीला ठेव. खानावळीतल्या ज्या पोऱ्याचा तू विचारही केलेला नसतो, नेमकं त्याचंच नाव विचारतात लेकाचे!

पुठ्ठेबाज:
प्लास्टिकचे खिसे असलेली बघ. कागद बदलता येतात, दुसरा गेम सुरू केला तरी चालते.

खेळगडी:
आणि फासे? मागेच टाकू?

वीसपैलू:
मी लढाईचे उघड्यावर टाकतो. दबा धरून बसलेल्याचा स्टेल्थ (लपण्याचा फासा) तेवढा स्क्रीनआड.